आम्ही काहीच करत नाही

ठोंब्याला ढेकर यायचा तो नेमका अक्कांच्या खांद्यावर, आणि पोटात दुखायचं माईंच्या.

माई म्हणजे ठोंब्याच्या बाबाची आई आणि अक्का म्हणजे ठोंब्याच्या आईची आई. दोघी विहिणी, दोघी आज्या आणि दोघी परदेशात मुलांकडे पाहुण्या म्हणून आलेल्या. माईंचा लेक आणि सून इथंच कायमचं राहायचं ठरवून बसले होते. सकाळ झाली की दोघंही डबे उचलून कामावर पळायचे. मागे उरायचं एक गुबगुबीत पोर आणि त्याच्यावर टपलेल्या दोन आज्या. घर तर एवढंसं, की एकीनं उसासा सोडला तर दुसरीच्या चहाची वाफ हलावी.

माईंचं म्हणणं असं, की अक्का आयत्या बिळावरच्या नागोबा. मालिश करून हात भरून येणार माईंचे, टबात वाकून कंबर मोडणार माईंची, चिऊचा घास काऊचा घास करत भरवणार माई. आणि सगळं झालं की अक्का पावडर लावल्यासारख्या ताज्यातवान्या येणार, पोराला खांद्यावर टाकणार, की झालं! तो लबाड त्यांच्या गळ्यात पडून डोळे मिटणार. त्यात भर म्हणून सून संध्याकाळी दारातूनच विचारायची, आई, दमलीस का गं? माईंचीही चौकशी व्हायची, नाही असं नाही. पण ती चपला काढून, पर्स ठेवून, पाणी पिऊन झाल्यावर.

अशात दोघींचे व्हिसे एकाच आठवड्यात संपायला आले. वाढवून मिळाले तर ठोंब्या चालायला लागलेला बघता येणार होता, नाहीतर बॅगा भरायच्या. ठोंब्या तेव्हा सोफा धरून उभा राहायचा आणि एक पाय उचलून विचार करायचा. ते पहिलं पाऊल आपल्या दिशेनं पडावं, एवढी एकच इच्छा माईंनी देवापाशी ठेवली होती. आणि अक्कांच्या दिशेनं पडू नये, ही दुसरी. पण ती देवाला आपली आपण कळेल म्हणून बोलून दाखवली नव्हती.

लेकानं दोघींना सोफ्यावर बसवून तोंडी परीक्षेची तयारी करून घेतली. पाहुण्यानं इथं काम करायचं नाही, असा नियम. आणि घरचा स्वयंपाक, नातवाला सांभाळणं, हेसुद्धा इथे काम धरतात. तेव्हा कुणी विचारलंच, तर एकच म्हणायचं, आम्ही काहीच करत नाही. बसतो, फिरतो, नातवाला डोळे भरून बघतो.

अक्कांनी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. माईंच्या मात्र घशाखाली ते वाक्य उतरेना. जन्मभर राबलेल्या बाईनं, तेही विहिणीच्या देखत, आपण बिनकामाच्या आहोत असं कबूल करायचं?

"अक्कांचं बरंय," त्या म्हणाल्या. "त्यांना खरंच सांगायचंय."

लेकानं कपाळाला हात लावला. अक्का नुसत्या हसल्या. अक्कांचं ते हसणं म्हणजे जखमेवर मीठ, वर लिंबू पिळलेलं.

व्हिसाच्या कचेरीत दोघींना एकाच खिडकीवर बोलावलं. काचेआड चापूनचोपून केस बांधलेली अधिकारी बाई होती आणि तिच्या टेबलावरच्या फोनमधून एक मराठी दुभाषी बोलत होती. आवाज असा गोड, जणू शेजारीण विरजण मागायला आलीय. लेकाला ठोंब्यासकट मागच्या खुर्च्यांवर पाठवलं. मध्ये बोलायचं नाही, अशी ताकीद देऊन.

आधी अक्कांची पाळी. दिवसभर काय करता, असं विचारल्यावर अक्कांनी शाल सावरली आणि घोकलेलं वाक्य घडाघडा म्हणून टाकलं. तिथं थांबायला हवं होतं. पण थांबतील तर त्या अक्का कसल्या?

"नातू मात्र मला सोडून राहत नाही हो," त्या म्हणाल्या. "माझाच लळा आहे त्याला."

अधिकारी बाई हसली आणि अक्कांचा पासपोर्ट तिनं काम झाल्यासारखा बाजूला ठेवला. इकडे माईंच्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. तोच प्रश्न त्यांच्याकडे आला.

"मी काय करते? त्याला मालिश कोण करतं, आंघोळ कोण घालतं, भरवतं कोण, ते विचारा. दोन्ही वेळचा स्वयंपाक माझा. ही दोघं बिनघोर कामाला जातात ती माझ्या जिवावर, कुणाच्या लळ्यावर नाही."

फोनमधला तो गोड आवाज हळूच म्हणाला, "आजी, तुम्ही बोलाल ते सगळं मला सांगावं लागतं बरं का."

"सांगा की. एक शब्द गाळू नका."

मागून लेकाचं खोकणं ऐकू आलं. माणसाला एवढा खोकला एकाएकी होत नाही, पण माई कुठल्या ऐकतायत. आता अक्का गप्प राहिल्या असत्या तर त्यांचं तरी निभावलं असतं. पण परक्या बाईपुढे विहिणीनं आपल्याला आळशी ठरवलं, हे त्यांना कसं सोसावं?

"कपडे मी धुते," त्या काचेकडे झुकून म्हणाल्या. "झोपवते मी. दुपारभर मांडीवर घेऊन पायांना मुंग्या येतात. आणि यांच्या हातचा भात तो थुंकून टाकतो, तेव्हा दुसरा करून मीच भरवते."

"कधी?" माईंनी विचारलं.

"रोज. तुम्ही डुलकी काढता तेव्हा."

दुभाषीनं सगळं इमानेइतबारे पोचवलं. अधिकारी बाई टायपत राहिली, आणि आपल्या वेळी ती जास्त टायपत होती, याचं माईंना समाधान वाटलं. ते संपायच्या आत अक्कांचा पासपोर्ट माईंच्या पासपोर्टाशेजारी येऊन पडला. नकार दोघींनाही आला.

सून आधी रडली, मग नवऱ्याच्या तोंडून सगळी हकीकत ऐकून हसली, मग पुन्हा रडली. माईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की चला, अक्काही राहत नाहीत. पण रात्री ठोंब्यानं झोपेत त्यांचं बोट धरलं आणि ते समाधान विरघळून गेलं.

पोरासाठी पाळणाघर शोधणं भाग होतं. पलीकडच्या गल्लीत एक बाई मुलं सांभाळायची. पहिल्या दिवशी पोचवायला दोन्ही आज्या गेल्या. तो रडून आकांत करेल, असं दोघी वाटभर एकमेकींना सांगत होत्या. सांगताना दोघींच्या आवाजात काळजी कमी आणि आशा जास्त होती.

दार उघडलं. बाईनं हात पुढे केले. ठोंब्या एकदा तिच्याकडे बघून हसला आणि सरळ झेपावला. दार लागलं.

दोघी खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. आत बाईनं त्याला टेबलाला धरून उभं केलं आणि स्वतः चार पावलं मागे सरकली. ठोंब्यानं पाय उचलला, विचार केला, आणि टाकला.

दोघींनी काचेवर धरलेली वाफ हातानं पुसली.

"मानेला आधार देत नाही बघा ती," अक्का म्हणाल्या.

"आणि नखं पाहिलीत?" माई म्हणाल्या. "पोराला ओरखडेल एखादे दिवशी."

आतल्या बाईला काचेला नाकं लावलेल्या दोघी दिसल्या असाव्यात. तिनं हसून हात हलवला आणि पडदा ओढला.

"पडदा लावला," अक्का म्हणाल्या.

"लावणारच," माई म्हणाल्या. "मनात खोट असल्यावर."