नऊ टन थांबतात तेव्हा

नऊ टनांचं यंत्र पाच माणसं हातांनी हलवतात, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून खरं वाटत नाही. पण रीत सोपी आहे. आधी यंत्र जॅकवर वीतभर उचलायचं. खाली लोखंडी पाइप आडवे घालायचे आणि यंत्र अलगद त्यांच्यावर टेकवायचं. मग मागून पहारी लावून रेटलं की ते पाइपांवरून सरकतं. मागचा पाइप मोकळा झाला की तो उचलून पुढे आणायचा आणि पुन्हा यंत्राच्या वाटेत ठेवायचा. एवढंच. फक्त तो पाइप लावणाऱ्याचा हात दर वेळी नऊ टनांच्या तोंडाशी असतो.

अशी कामं करणारी एक टोळी होती. तिच्या मुकादमाचे गुडघे गेले, तो घरी बसला आणि त्याच्या जागी त्याची मुलगी आली. बारा वर्षं ती याच टोळीत पहार धरत होती, त्यामुळे कोणी नाक मुरडलं नाही. उंच, सडपातळ लंबूदादा पाइप लावायचा. दोघे जुळे भाऊ जॅक आणि पाचरी सांभाळायचे. आणि मागच्या कोपऱ्यावर असायचे रेडिओकाका. दिवसभरात चार शब्द बोलले तर खूप, म्हणून त्यांचं नाव रेडिओ.

टोळीत एक जुना नियम होता. कोणीही ‘थांबा’ म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. आधी हात बाहेर, मग बोलणं.

मुकादम झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात रेडिओकाका एकदा ‘थांबा’ म्हणाले. सगळं थांबलं. तिने वाकून पाहिलं, बॅटरी मारून पाहिलं, काही सापडलं नाही. पाव तास गेला. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत उभं होतं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, “काका, कारण असल्याशिवाय काम थांबवायचं नाही.”

काकांनी मान हलवली. विषय तिथेच संपला, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी यंत्राखालचा एक लाकडी ठोकळा फुटला. पाइप उसळला आणि लंबूदादाच्या बुटापासून बोटभर अंतरावरून भिंतीवर जाऊन आदळला. भिंतीचा गिलावा पडला. लंबूदादा खाली बसला, बूट काढला, पायाची बोटं मोजली आणि म्हणाला, “पाचच्या पाच. बायकोला सांगायला हरकत नाही.”

ती धाकट्या जुळ्याकडे वळली. “ठोकळ्याला तडा गेला होता. तुला दिसला नाही?”

“दिसला होता.”

“मग बोलला का नाहीस?”

“तडा होता, पण फुटेलच असं कुठे होतं? तू कारण विचारलं असतंस तर काय सांगणार होतो?”

तिने बाकीच्यांकडे पाहिलं. कोणी नजर वर केली नाही. तडा सगळ्यांनाच दिसला होता.

त्या संध्याकाळी ती वडिलांजवळ बसली. ते गुडघ्यांना तेल चोळत होते. तिने सगळं सांगितलं. परवा छापखान्याचं नऊ टनांचं यंत्र नव्या दालनात न्यायचं होतं. दाराला दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं जागा. “बाबा, हे असंच राहिलं तर कोणाचा तरी हात जाईल. त्यापेक्षा मी मुकादमकी सोडते.”

वडील चोळत राहिले. मग त्यांनी विचारलं, “मी लंबूला पाइप लावायला सांगायचो, तेव्हा मी कुठे असायचो?”

“समोर.”

“समोरून काय दिसतं?”

तिने विचार केला. “यंत्राचं तोंड.”

“बस,” ते म्हणाले आणि दुसऱ्या गुडघ्याकडे वळले.

एवढ्यावरून पुढचं तिने स्वतःच जुळवलं: समोरच्याला मागचं दिसत नाही, ते मागच्यांनीच सांगायचं असतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी छापखान्यात यंत्र पाइपांवर टेकल्यावर ती म्हणाली, “काकांना मी त्या दिवशी बोलले ते चुकलं. म्हणून मागून आवाज यायचा बंद झाला. आज पाइप मी लावणार. लंबूदादा, तू पहार घे.”

“आणि हुकूम कोण देणार, मुकादमीणबाई?”

“ज्याला दिसेल तो.”

लंबूदादाने जुळ्यांकडे पाहिलं, जुळ्यांनी एकमेकांकडे. रेडिओकाका आपल्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले.

ती गुडघ्यांवर बसली. खालून यंत्र निराळंच दिसत होतं. काळ्या लोखंडाचा तो पोट फुगवलेला डोंगर तिच्याकडे बोट-बोट सरकत येत होता. पाइप किरकिरत होते. तिने पहिला पाइप लावला. दुसरा लावला. यंत्रामागून कोणी बोलत नव्हतं. आता आपणच घाबरून ओरडलो तर हुकूम पुन्हा आपल्याकडेच येईल, हे तिला कळत होतं. तिने तिसरा पाइप उचलला आणि हात आत घातला.

“थांबा.”

काकांचा आवाज मोठा नव्हता. शेजारच्या माणसाकडे पाणी मागावं तसा होता. पण सगळ्या पहारी एकदम सैल पडल्या, पाचर टकदिशी बसली आणि ते सगळं लोखंड जागच्या जागी उभं राहिलं. तिच्या बोटांपासून अर्ध्या वितीवर. किरकिर थांबल्यावर छताचा पंखा ऐकू येऊ लागला.

तिने हात बाहेर काढला. मग बॅटरी घेऊन एकेक पाइप, एकेक ठोकळा पाहिला. सगळं ठीक होतं.

“काही नाही निघालं,” काका ओशाळून म्हणाले. “मला उगाच वाटलं.”

“बरं केलंत,” ती म्हणाली. “अजून बघायचंय का? वेळ आहे.”

काकांनी स्वतः खाली वाकून पाहिलं, कोणी घाई केली नाही. मग ते म्हणाले, “चला.”

त्यानंतर टोळी बोलू लागली. “डावीकडे केसभर.” “अगं, कोपर आत घे.” “थोरल्या, तुझी पहार की झोप?” “थांबा, धूळ गेली डोळ्यात.” आणि धुळीसाठीही नऊ टन थांबले. कोणी आज्ञा देत नव्हतं, तरी एकाच्या तोंडून शब्द निघेपर्यंत दुसऱ्याचा हात तिकडे वळलेला असायचा. बारा वर्षं ती या माणसांबरोबर राबली होती, पण पाइप लावणाऱ्या हातासाठी मागून इतकं काही पाहिलं जात असतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती पाइप लावत राहिली.

“ए मुकादमीण,” लंबूदादा वरून म्हणाला, “बाहेर ये. का तिथेच संसार मांडतेस?”

तिने मान वर केली. दार मागे पडलं होतं. चौकटीच्या रंगावर ओरखडासुद्धा नव्हता, आणि ते कधी ओलांडलं हे तिला कळलंच नव्हतं.