लॅब किती वाजता बंद होते?

उद्या संध्याकाळपर्यंत इंजिनिअरिंगच्या कॉलेजांची पसंती भरायची होती आणि पहिल्या नंबरावर मलकापूर टाकायचं की सांगली, हे घरात कुणालाच ठरवता येत नव्हतं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तेच घ्यावं लागतं, मागं फिरता येत नाही, हे मी माझ्या वडलांना, आप्पांना, पुन्हा पुन्हा सांगत होते.

“मग बघून येऊ की,” आप्पा म्हणाले. “मेंढरांचा तळ हलवायच्या आदी एकजण म्होरं जाऊन बघून येतोच.”

आमची मेंढरं आहेत. माझे आजोबा, बिराप्पा आबा, दिवाळीनंतर अजूनही कळप घेऊन आटपाडी सोडतात. म्होरं जाऊन बघणं म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत आहे. रानाच्या मालकाला विचारायचं नाही, कारण मालक चांगलंच सांगणार. आपण खाली बघायचं. पाण्याकडं जाणारी वाट तुडवलेली दिसली की समजायचं, पाणी गोड आहे.

बाकी सगळे मला नोकरीचं विचारत होते, इमारतीचं विचारत होते. मला एवढंच हवं होतं की तास संपल्यावर बसायला एक कॉम्प्युटर मिळावा. घरी नाही आणि येणारही नाही इतक्यात. मी सगळं फोनवर शिकले. माझ्या फोनच्या काचेला तडा आहे आणि कंस टाईप करायची जागा नेमकी त्या तड्याखाली येते. बोट सोलपटतं, पण प्रोग्राम चालतो. कधीकधी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही आधी मलकापूरला गेलो. कॉलेज चकाचक. पूजा नावाची तिसऱ्या वर्षाची मुलगी आम्हाला फिरवत होती. उंब्रजची होती ती, रोज येऊन-जाऊन करणारी. तिनं लॅबचं दार उघडलं आणि मी गार पडले. रांगेनं कॉम्प्युटर, सगळ्यांवर झाकणं. मी एक झाकण उचललं. खालचा कीबोर्ड इतका कोरा की बटणात माझं तोंड दिसेल.

“इथं कुणी बसत नाही का?” मी विचारलं.

“बसतात की, तासाला,” पूजा म्हणाली. “नंतर जो तो घरी.”

मी आप्पांकडं बघितलं, आप्पांनी माझ्याकडं. वाट तुडवलेलीच नव्हती. इथं कुणी शिकतच नाही, मी ठरवून टाकलं. पूजानं काही लागलं तर म्हणून नंबर दिला, तो मी नुसता मान राखायला घेतला.

दुपारी सांगली. कॉलेज जुनं, जिन्याच्या कोपऱ्यात सायकली. पण लॅबमध्ये गेले आणि मला नाचावंसं वाटलं. कीबोर्डवरची अक्षरं पार झिजलेली. A गायब, S अर्धा, स्पेसबारला मधोमध खळगा.

“आप्पा, हेच. बघा, किती वापरलंय.”

“व्हय गं, लय तुडवलंय,” आप्पा खूश होऊन म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर शिवांजली म्हणून दुसऱ्या वर्षाची मुलगी डबा खात बसली होती. गेल्या वर्षीची मी असते तर तिच्यासमोरून खाली मान घालून गेले असते. आता जाऊन शेजारी बसले आणि म्हणाले, “तुम्ही लोक लॅबमध्ये लय बसता ना? बटणं झिजलीत सगळी.”

तिला ठसका लागला. “अगं, ती आम्ही नाही झिजवली. बाहेरच्यांच्या टायपिंगच्या परीक्षा असतात इथं. संध्याकाळी त्यांचीच गर्दी. आम्हाला तासाला एका मशीनवर तिघी बसवतात. मला अजून मधली, कीबोर्डपुढची जागा मिळाली नाही.”

बसस्टँडवर उसाचा रस पिताना आप्पा म्हणाले, “दोन्हीकडं वाळवंटच म्हण की.”

आणि मला एकदम हसू फुटलं. “आप्पा, आपण पाण्याच्या हिशोबानं बघत होतो. हा तर चारा आहे.”

“म्हंजे?”

“तुडवलेल्या रानात चारा शिल्लक असतो का?”

आप्पांनी ग्लास खाली ठेवला. “च्यायला.”

मी तिथूनच पूजाला फोन लावला. “ताई, सकाळी विचारायचंच राहिलं. लॅब किती वाजता बंद होते?”

“साडेपाचला. का गं?”

“नंतर कुणी बसत का नाही?”

“सगळ्यांकडं लॅपटॉप हायत. थांब, जयराज सर इथंच हायत, लॅब त्यांच्याकडं असती. तूच बोल.”

सरांचा आवाज जाड. “काय करणार बसून?”

“सर, कोकरू कुठल्या मेंढीचं, ते सांगणारा प्रोग्राम लिहिलाय मी. पण तो एका कोकराला स्वतःचीच आजी ठरवतो. तसं का होतं ते शोधायचंय.”

पलीकडं सर हसले. “मलाही बघायचंय ते. मी सातपर्यंत असतो इथं. पण एकटी मुलगी नाही बसवणार मी. दोघी लागतील. आणि मी इथं असेपर्यंतच. मी बदलून गेलो तर शब्द नाही माझा.”

“फोन ताईंना द्या सर.” हे मी सरांना म्हणाले, अगदी असंच. आप्पा डोळे वटारून बघत होते. “ताई, तुम्ही बसाल माझ्याबरोबर?”

“अगं, मला उंब्रजची गाडी...” पूजा थांबली. “शनिवारी नाही जमायचं. बाकी दिवस बसते. पण सर म्हणतायत ते आजीचं आधी मला दाखवायचं.”

फोन ठेवला तेव्हा आटपाडीची गाडी लागत होती. आप्पा जागा धरायला पळाले, खिडकीतून रुमाल टाकला आणि वळून म्हणाले, “त्या सरांचं काय खरं नाही बग. उद्या बदली झाली तर?”

“तर नव्या सरांना विचारीन.”

“विचारशील तू,” आप्पा म्हणाले. “टाक मलकापूर.”

गाडी विट्याला पोचायच्या आत मी पहिल्या नंबरावर मलकापूर टाकलं, तडा चुकवत.