पट्ट्यावरचे दातांचे व्रण

मित्रांनो, माझ्या अंगावर माणसाच्या दातांचे व्रण आहेत. यकृतविकारांच्या वॉर्डात लोखंडी खाटेला बांधलेला मी एक जुना चामडी पट्टा. जाड कातडे, दुहेरी शिलाई, पितळी बक्कल अशी माझी घडण आहे.

दारू एकाएकी तुटली की काही रुग्ण बेभान होतात. त्यांना भिंतीवर साप दिसतात. ते लाथा मारतात, चावतात. त्यांना आवरणे हे माझे काम. पुढे बार्बिट्युरेट नावाचे गुंगीचे औषध आले. सुई हाताशी असताना पट्ट्याला कोण विचारतो? मी खुंटीवर सुकत गेलो. एका सुताराला औषध भरपूर टोचले. तो शांत झाला, सारे निर्धास्त झाले. तो पुन्हा उठला नाही.

त्या मृत्यूनंतर डॉक्टरबाईंनी संशोधन हाती घेतले. निरोगी आणि रोगी यकृताच्या माणसांना, त्यांच्या संमतीने, अल्प मात्रा देऊन त्या पुन्हापुन्हा रक्त तपासत. निष्कर्ष निघाला: यकृत निकामी झाले की हे औषध शरीरात रेंगाळते, पहिली मात्रा ओसरण्याआधीच दुसरी तिच्यावर चढते.

मग एका दुपारी पिवळ्या डोळ्यांचा लोहार आला. त्याने वॉर्डबॉयचा दात पाडला, थोरल्या भावाचे बोट चावले, मलाही चावला. मला खुंटीवरून उतरवून त्याला खाटेशी जखडले होते; तरी, अल्प मात्रा देऊनही, तो खाट हलवीत होता.

"अजून टोचा की, बाई," भाऊ रक्ताळलेले बोट दाबत म्हणाला. "हा झोपला म्हणजे सुटलो."

"तुम्ही सुटाल. तो कायमचा झोपेल."

"मग काय मार खात बसायचं?"

"घरी रोज खातेच, भाऊजी," लोहाराची बायको म्हणाली. "आज निदान कामी येईल."

तेवढ्यात माझी सुकलेली शिलाई उसवली. लोहाराच्या सुटलेल्या मुठीने तिचा ओठ फाटला. तिने माझे टोक पुन्हा त्याच्या मनगटाला गुंडाळले आणि सोडले नाही.

संध्याकाळी तो निपचित पडला. बाईंनी गाल थोपटून हाक मारली. त्याने अर्वाच्य शिवी हासडली.

"छान," बाई म्हणाल्या. "जिवंत आहे."

सकाळी त्याने मनगटावरचा माझा वळ पाहिला. "कुणी बांधलं मला?"

"मी."

"आणि तुझ्या ओठाला काय झालं?"

ती त्याच्या मुठीकडे बघत राहिली. त्याने मूठ चादरीखाली लपवली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना अधूनमधून तेलाचा हात लावा, शिलाई तपासा. आणि दारूने पोखरलेला माणूस गुंगीत शांत पडला, म्हणून त्याला बरा समजू नका. त्याला हाक मारत राहा. उत्तरादाखल शिवी आली तरी चालेल.