तळाशी बसलेला पांढरा ठिपका

मित्रांनो, माझी घरघर मनावर घेऊ नका. मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. नळ्या पोटात घेऊन गरागरा फिरायचं आणि त्यांतलं जड ते तळाशी बसवायचं, एवढंच मला येतं. अट एकच. एका बाजूला नळी ठेवली की समोर तेवढ्याच वजनाची दुसरी हवी, नाहीतर मी थयथयाट करतो. दुसरी नसेल तर नुसत्या पाण्याची नळीही चालते.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माझ्यावर काम करणारी ताई ती पाण्याची नळी कधी विसरली नाही. तिच्या आईचे हात थरथरायचे, घास तोंडापर्यंत पोचत नसे. मेंदूतल्या एका प्रथिनाच्या गुठळ्या होतात, त्याने हे दुखणं येतं. त्या गुठळ्या का होतात, हेच ताईला शोधायचं होतं. नळीच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की ती लहान मुलीसारखी हसायची. प्रयोगशाळेचे प्रमुख सर माझ्यावर थाप मारून पाहुण्यांना सांगत, "जुनं खोड आहे, पण कामाला वाघ." मी फुशारून जायचो.

कायमच्या नोकरीची जागा निघेल निघेल म्हणता म्हणता ताईचे केस पिकले. सर निवृत्त झाले. नव्या सरांनी नवं यंत्र आणलं आणि मला जिन्याखाली ढकललं. ताईला म्हणाले, "काम चांगलंय हो तुमचं, पण आता ते कोणाला हवंय?"

ताई खाद्यपदार्थांच्या कंपनीत लागली. मी भंगारात जाणार होतो, तिने मला मागून घेतलं आणि कंपनीत आणलं. आईला म्हणाली, "तुझं काम सोडलं नाही गं. संध्याकाळी करीन."

"आधी वेळेवर जेवत जा," आई म्हणाली.

इथे आम्ही वाटाण्याच्या प्रथिनाचं पेय फिरवतो. तळाशी काही बसलं की साहेबांची बोलणी, तळ स्वच्छ निघाला की शाबासकी. ताईला शाबासकी पुष्कळ मिळते. ती हसत नाही.

जुन्या प्रथिनाची शेवटची नळी तिने फ्रीजरमध्ये जपून ठेवली होती. दमून जायची, उद्या बघू म्हणायची. तेवढ्यात आई गेली. पुढे नव्या स्वादांना जागा हवी म्हणून कोणीतरी ती नळी बाहेर काढली आणि तशीच विसरलं. ताईला सापडली तेव्हा आतलं सगळं नासलं होतं. तरी तिने ती माझ्यात ठेवली. समोरची पाण्याची नळी भरायला घेतली, तर अर्धं पाणी माझ्या झाकणावर सांडलं. ताई आपल्या हाताकडे बघत राहिली. तो थरथरत होता, अगदी आईचा थरथरायचा तसा.

तिने मला सुरू केलंच नाही.

मित्रांनो, यंत्रं पुसा, त्यांना तेलपाणी करा, ते तर कराच. पण कोणी एकटंच ओझं घेऊन फिरताना दिसलं, तर त्याच्या समोर जाऊन बसा. तुम्हाला त्यातलं काही कळत नसलं तरी चालेल. माझ्या ताईच्या समोर कोणीच बसलं नाही.