पिंपातलं गोड पाणी

किनाऱ्यावर आलेल्या एका बाबाकडे तोबा गर्दी! निळ्या पिंपात समुद्राचं पाणी सगळ्यांदेखत भरलं जायचं. बाबा त्यावर लाकडी फळी तरंगत ठेवायचा आणि डोळे मिटून मंतरलेल्या पाण्याची कळशी तिच्यावर रिकामी करायचा, अगदी बारीक धारेने. मग वरचं थोडंथोडं पाणी प्रत्येकाच्या हातावर. गोड! माणसं रडायची काय, पाया पडायची काय!

"यंत्राने पाण्याचा जीव घेतलाय," बाबा सांगायचा. "नळाला येतं ते मढं. हे जिवंत पाणी."

गावाबाहेरचा प्रकल्प इतकी वर्षं समुद्राचंच पाणी गोडं करून घरोघर पोचवतोय, पण त्याच्यापुढे कधी कुणी हात जोडले नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवतो. चार शब्द बोलायला गेलो, तर आला मोठा शहाणा म्हणून मलाच उडवून लावलं.

घरी न्यायचं पाणी मात्र पिंपाच्या खालच्या तोटीतून मिळायचं. ते खारट लागलं तर? बाबाने आधीच सांगून ठेवलेलं, ज्याची श्रद्धा कच्ची त्याच्याच जिभेला ते खारट लागतं. झालं! जो तो तोंड वाकडं न करता म्हणायचा, काय गोडी आहे हो!

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ अंगाने किरकोळ. बाळसं धरावं म्हणून ती दुधाच्या प्रत्येक बाटलीत हे पाणी घालू लागली. बाळ तहानेने रडायचं, की ही पुन्हा बाटली द्यायची. मला कळलं ते थेट दवाखान्यात. रक्तात मीठ फार चढलंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी शर्थ केली, पण बाळ गेलं.

त्याला पोचवून मी तसाच किनाऱ्यावर गेलो. तोटीखाली पेला भरून बाबापुढे धरला, म्हटलं, प्या. म्हणे आज उपास आहे! मग काचेच्या बरणीत समुद्राचं पाणी घेतलं, त्यात शाई टाकली आणि वरून चमच्यावर नळाचं पाणी हळूच सोडलं. निळं खाली, स्वच्छ वर. खारं पाणी जड, गोडं हलकं. अलगद सोडलं की वरच राहतं. बाबाच्या कळशीत साधं नळाचं पाणी होतं. सगळे माना खाली घालून उभे राहिले.

तिथून बहिणीच्या घरी गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती.

"दादा, मला पहिल्याच दिवशी खारट लागलं होतं रे. सासूबाईंना गोड लागलं. वाटलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे."

सासूबाई दारात उभ्या होत्या.

"मलाही खारटच लागलं होतं गं," त्या म्हणाल्या.

हात जोडून सांगतो, जिभेला खारट लागलं तर खारट म्हणा. गावात एकाने जरी म्हटलं असतं, तरी माझा भाचा आज जिवंत असता.