आरसा वर जातो तेव्हा

स्टुडिओचा जुना कॅमेरा एकदाचा गचकला, आणि ओळखीच्या दुकानदाराने दोन नवे कॅमेरे वापरून बघायला दिले. एक डिजिटल एसएलआर, चांगला धिप्पाड, पुढे हातभर लेन्स. दुसरा डिजिटल रेंजफाइंडर, ओंजळीत मावेल एवढा. घ्यायचा होता एकच, आणि दादाचं आधीच ठरलं होतं. कॅमेरा बघून लोक फोटोग्राफर ओळखतात, असं त्याचं ठाम मत. तो चिमुकला डबा गळ्यात घालून कामावर गेलं तर लोक पाहुणी समजून पाणी विचारतील, असं तो बहिणीला म्हणाला.

बहिणीला तो डबाच हवा होता. केसांत पांढरे डोकावायला लागले तरी स्टुडिओत ती अजून धाकटीच होती. मुख्य फोटो दादा काढायचा. धाकटीने दिवे लावायचे, दादाला लेन्स बदलून द्यायच्या, आणि मग उरलेसुरले फोटो काढायचे. कॅमेरा कुठला घ्यायचा हे तिला विचारावं असं कुणाच्या मनातही येत नसे. या वेळी तिनेच हट्ट धरला, तेव्हा दादाने नाइलाजाने कबूल केलं की हातात आलेल्या कामावर दोघांनी एकेक कॅमेरा वापरायचा आणि फोटो बघून काय ते ठरवायचं.

काम होतं बुद्धिबळाच्या स्पर्धेचं. तिथे शांतता अशी की कुणी खोकलं तरी चार माना वळतात. त्यामुळे डाव सुरू होताना थोडा वेळ फोटो काढू देत, मग पंच दाराकडे बोट दाखवत आणि सगळे खटखट करणारे फोटोग्राफर बाहेर. रेंजफाइंडरचा आवाज जेमतेम टिचकीएवढा. धाकटीला त्याचंच अप्रूप. मागच्या स्क्रीनचा उजेडही खेळाडूंच्या डोळ्यांवर नको म्हणून तिने तो बंद करून टाकला, आणि नेमकं तेच तिला नडलं.

संध्याकाळी वहिनीने फोटो कॉम्प्युटरवर लावले. दादाचे लख्ख होते. धाकटीचा पहिला फोटो काळा, दुसरा काळा, तिसरा काळा, सगळे काळे. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, लेन्सवर झाकण राहिलं तर डोळ्याला लगेच अंधार दिसतो. रेंजफाइंडरला बघायची खिडकी वेगळी, लेन्सच्या शेजारी. त्या खिडकीतून तिला अख्खं सभागृह दिसत होतं आणि लेन्स बिचारी झाकणाखाली गुडूप होती.

वहिनीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "ढक्कन लावून फोटो काढले," दादा म्हणाला, "ढक्कनच आहेस!" धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग दादाचा कमी, स्वतःचाच जास्त. दादाने निकाल लावून टाकला, रेंजफाइंडर स्वतःच्या हाताने खोक्यात भरला आणि उद्या अंतिम डावाला तिने फक्त लेन्सची बॅग धरायची असं सांगितलं.

सकाळी तिने खोकं उघडून कॅमेरा बाहेर काढला, लेन्सचं झाकण काढलं आणि सरळ केराच्या डब्यात टाकलं. दुकानदाराला काय सांगायचं ते नंतर बघू. एका चुकीपायी जन्मभर कुणाची बॅग धरायला ती तयार नव्हती.

अंतिम डाव गेल्या वर्षीचा विजेता आणि एक शाळामास्तरीण यांच्यात होता. थोड्या वेळाने पंचांनी दार दाखवलं. सगळे उठले. दादाने दारातून डोळे मोठे करून तिला बोलावलं. ती जागची हलली नाही. पंच वाकून तिच्या कानाशी आले, फोटोग्राफरांनी बाहेर जायचं म्हणाले. तिने हळूच विचारलं, इतका वेळ मी तुमच्या मागे बसून फोटो काढतेय, तुम्हाला एकदा तरी ऐकू आलं का? पंचांनी आठवून बघितलं. मग म्हणाले, ऐकू आलं की उठवीन.

त्यांना ऐकू आलं नाही. दाराच्या काचेपलीकडे दादा तिष्ठत उभा होता.

रेंजफाइंडरच्या खिडकीत फोटोच्या चौकटीबाहेरचंही थोडं दिसतं. तिथूनच तिला विजेत्याचा हात येताना दिसला. त्याने स्वतःचा राजा आडवा केला, आणि समोरच्या बाईकडे न बघता तो आपल्याच हाताकडे बघत राहिला, हा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा. धाकटीने बटण दाबलं. तिच्या डोळ्यापुढचं दृश्य क्षणभरही हटलं नाही. तो हरला ते तिने पुरतं पाहिलं.

संध्याकाळी दादा त्या फोटोपुढे बराच वेळ बसला. मग म्हणाला, बरा आलाय, नशीब लागतं. स्टुडिओत मात्र एसएलआरच येणार.

"दादा, तू बटण दाबतोस तेव्हा तुझ्या कॅमेऱ्यातला आरसा वर जातो," धाकटी म्हणाली. "तेवढा वेळ तुला काहीच दिसत नाही, आणि फोटो निघतो तो नेमका तेव्हाच. तू आजवर जे जे टिपलंस, त्यातलं एकही घडताना तू पाहिलेलं नाहीस."

वहिनी हसली नाही.

"पापणी लवेपर्यंतचा तो अंधार," दादा म्हणाला. "त्याने काय अडतं?"

"तुझं नाही अडत. मला बघायचं असतं."

मग मात्र दादाचा पारा चढला. एवढंच असेल तर स्वतःच्या पैशाने घे, म्हणाला, पण ते खेळणं घेऊन माझ्या कामावर यायचं नाही. ही आता रडेल, फार तर भांडेल, असा त्याचा हिशोब होता. धाकटी "चालेल" म्हणाली आणि पायांत चपला सरकवू लागली.

दादा गडबडला. "अगं पण," तो म्हणाला, आणि हा प्रश्न त्याला खरोखरच पडला होता, "मला लेन्स कोण बदलून देणार?"

"त्याला माणूस ठेव," धाकटी म्हणाली. "मी फोटोग्राफर आहे."