शेजारच्या सीटचा ब्रेक

बोलणार नाही, हात हलवणार नाही, डोळे मोठे करणार नाही, असं आईने कबूल केलं तेव्हा कुठे लेकीने तिला स्पर्धा बघायला येऊ दिलं. लेक बारा वर्षांची. एका जागी पाय ठरेल तर शपथ, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. पण नियमाच्या बाबतीत ती भलतीच कडक. प्रेक्षकांतून कोणी शब्दाने किंवा खुणेने मदत केली तर अख्खा गट बाद, हे तिने आईला इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी आईच म्हणाली, बाई गं, तोंडाला कुलूप लावून बसते.

खरं म्हणजे तोंडाची चिंता नव्हतीच, चिंता पायाची होती. आई गाडी शिकवायची. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि वर्षानुवर्षं तो दाबून दाबून तिच्या उजव्या पायाला स्वतःची वेगळी बुद्धी फुटली होती. समोर काही चुकतंय असं दिसलं की डोक्याला कळायच्या आत पाय खाली. मग ती गाडीत असो, दवाखान्यात असो, नाहीतर जेवणाच्या टेबलाशी. भिंगरी लहान असताना काठोकाठ भरलेला पेला घेऊन चालू लागली की टेबलाखाली धप्प व्हायचं आणि पोर जागच्या जागी थबकायची. बाप हसून म्हणायचा, आपल्या घरात आपण तिघं नि एक ब्रेक राहतो.

सभागृहातली प्रेक्षकांची जागा म्हणजे लाकडी फळ्यांच्या चढत्या पायऱ्या, आणि खाली सगळं पोकळ. बसल्याबसल्याच आईने ते हेरलं आणि उजवा पाय डाव्या पायामागे अडकवून ठेवला. मग पर्स मांडीवर घेतली, खाली ठेवली, परत मांडीवर घेतली. शेजारी भिंगरीच्या गटातल्या चष्म्याचे वडील बसले होते. पोराचं पाळण्यातलं नाव काहीही असो, गटात तो चष्म्याच होता. त्यांनी तिला गोळी देऊ केली. तिने ती तोंडात टाकली आणि कडाकडा चावून संपवली. त्यांनी दुसरी दिली नाही.

खाली दोन टेबलं होती आणि मध्ये रुंद फट. या टेबलावरचा पिंगपाँगचा चेंडू पलीकडच्या टेबलावरच्या टोपलीत पोचवायचा. चेंडूला हात लावायचा नाही, स्वतः फट ओलांडायची नाही. हाताशी जुनी वर्तमानपत्रं, चिकटपट्टी आणि दोरी. घंटा व्हायच्या आत चेंडू टोपलीत पडला तर गट अंतिम फेरीत, नाहीतर घरी. गेल्या वर्षी भिंगरीचा गट याच फेरीत घरी गेला होता, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती धड जेवलीही नव्हती. या वर्षीही तसंच झालं तर तिचं तोंड कसं बघायचं, हा घोर आईला सकाळपासून लागला होता.

आधीच्या गटांनी पूल बांधले. कागदाचेच पूल ते, मध्यावर पोचेपर्यंत कंबर सोडायचे आणि चेंडू खाली. भिंगरीच्या गटाने पुलाचं नावच काढलं नाही. त्यांनी वर्तमानपत्रांच्या सुरळ्या एकात एक खुपसून टेबलाच्या कडेला चांगला उंच मनोरा उभारला. त्याच्या डोक्यावर वर्तमानपत्राचाच वळलेला पेला, पेल्यात कागदाने उचलून ठेवलेला चेंडू. मागून बांधलेली दोरी भिंगरीच्या मुठीत. एवढ्या उंचावर चेंडू चढवून ही कार्टी करणार काय, हे आईला काही केल्या कळेना. चष्म्याच्या वडिलांना तिने ते दोनदा विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं, पण ते बिचारे निवांत होते. त्या निवांतपणाचाच तिला राग आला.

तेवढ्यात मनोरा पुढे झुकला. थोडासा, मग आणखी थोडा. आणि दोरी ओढून धरायची सोडून भिंगरी ती सैल करत होती.

पाय कधी सुटला ते आईला कळलंच नाही. फळीवर असा दणका बसला, की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. परीक्षक बाईंनी मान वर केली, कोणाचा तरी पाय आपटला असेल असं समजून पुन्हा खाली घातली. त्या आवाजाचा अर्थ सभागृहात दोघींनाच ठाऊक होता. भिंगरीची मूठ दोरीवर गच्च आवळली आणि अर्धवट कललेला मनोरा तसाच अडकून राहिला.

चष्म्या तिच्या कानाशी काहीतरी सांगत होता. भिंगरी त्याच्याकडे बघतही नव्हती, ती वर आईकडे बघत होती. लहानपणी भरला पेला हातात घेऊन बघायची, अगदी तशी. आईने मान हलवावी तर गट बाद. न हलवावी तर चेहऱ्यावर सगळं छापून येणार, तिला काही लपवता कधी आलंय? आणि इकडे घड्याळ धावत होतं. आई उठली. कोणाच्या गुडघ्यांना, कोणाच्या पिशव्यांना धडकत पायऱ्या उतरली, आणि मागे वळून न बघता दाराबाहेर गेली.

बाहेरच्या लांब बोळात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिली. आतून एकदम मोठा गलका ऐकू आला. कौतुकाचा की हळहळीचा, बंद दारातून काही समजेना. मग घंटा झाली. आपण पोरीचं वाटोळं केलं, तिने स्वतःला सुनावलं, एक पाय आवरता आला नाही तुला.

दार उघडलं आणि भिंगरी बाहेर आली. तिच्या केसांत चिकटपट्टीचा तुकडा अडकला होता.

"पडला," ती म्हणाली.

"माझ्यामुळे गं. चुकलं माझं."

"अगं, तो पाडायचाच होता."

मग तिने धापा टाकत सगळं सांगितलं. मनोऱ्याची उंची म्हणजेच फटीची रुंदी. तो सरळ रेषेत आडवा झाला की पेला टोपलीवर येणार आणि चेंडू आत. झालंही तसंच. अंतिम फेरी दुपारी होती.

"तुझा पाय ऐकला नि माझी मूठ बंदच झाली," भिंगरी म्हणाली. "चष्म्या सांगत होता सोड, सोड, पण सोडताच येईना. मग तू उठून गेलीस."

"मग?"

"मग सुटली." ती हसली. "काय मस्त पडला, आई. तू बघायला हवं होतंस."

आईने तिला जवळ घेतलं. आनंद झाला होता, आणि त्याच्या बरोबरीने कुठेतरी चांगलंच लागलंही होतं. भिंगरी जरा वेळ तिच्या बाहीशी चाळा करत राहिली.

"दुपारी तू इथेच थांबशील?" तिने हळूच विचारलं. "बाहेर?"

"थांबेन की," आई म्हणाली.

भिंगरी पळत आत गेली. आईला आत जायचं होतं, फार जायचं होतं. ती भिंतीलगतच्या बाकावर बसली आणि दुपार व्हायची वाट बघू लागली.